उजवीकडून दुसरा फोटो माझा आहे, तो उतरवा

प्रति,
पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर भागातील परदेशी शिक्षण सल्लागार मंडळी,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात माझ्या आतेभावानं कराडहून व्हॉट्सॲपवर एक फोटो पाठवला. तुमच्यातल्या एका ऑफिसचा कार्यक्रम होता, त्या मंगल कार्यालयाच्या दारातला फ्लेक्स. वर कांगारू, मागे सिडनीचा पूल, मधोमध लाल अक्षरांत ‘मेकॅनिक व्हा, ऑस्ट्रेलियात कायमचे स्थायिक व्हा!’ आणि खाली ‘आमचे पीआरप्राप्त विद्यार्थी’ असं लिहून सहा पोरांचे फोटो. उजवीकडून दुसरा मी. निळी डांगरी, हातात टॉर्क रेंच, तोंडावर नव्या नवरदेवाचं हसू. आतेभावानं खाली विचारलं होतं, ‘‘दादा, पीआर झाली आणि पेढ्यांचा पत्ता नाही?’’

मला पीआर, म्हणजे इथं कायमचं राहायची परवानगी, मिळालेली नाही. मी मेलबर्नच्या डँडेनाँग भागात एका छोट्या गॅरेजात काम करतो आणि माझा सध्याचा व्हिसा एप्रिलमध्ये संपतो. तो फोटो २०२२च्या ऑगस्टमधला, कॉलेजच्या वर्कशॉपमधल्या पहिल्या आठवड्यातला. तुमच्यातल्याच एका ऑफिसातल्या मॅडमना ‘पोचलो, थँक्यू’ म्हणून मीच पाठवला होता. त्याचा असा फ्लेक्स होईल हे मला कुणी विचारलं नाही. मी तीनदा फोन केला. तिन्ही वेळा उत्तर एकच: ‘‘तो मार्केटिंगचा विषय आहे, वरती कळवतो.’’

वरती काय कळलं ते मला ठाऊक नाही. पण त्या कार्यक्रमाला माझी आत्या आणि तिचे यजमान जाऊन आले, आतेभावासाठी पन्नास हजार टोकन भरून आले, आणि आता जमिनीवर कर्ज काढायचं चाललंय. त्यातली निम्मी खात्री माझ्या फोटोनं दिली. म्हणून हे पत्र. एकट्या त्या ऑफिसला लिहून भागलं असतं, पण मी राहतो त्या घरात आम्ही पाच जण आहोत, पाच वेगवेगळ्या ऑफिसांतून आलेले, आणि आम्हाला सांगितलेली गोष्ट शब्दाला शब्द एकच आहे.

आधी माझं सांगतो, म्हणजे मी कुठल्या तोंडानं बोलतोय ते कळेल. कराडला कोल्हापूर नाक्याजवळ आण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं गॅरेज आहे. पत्र्याचं शेड, पुढं कडुनिंब, एक खड्डा, दोन जॅक. गळीत हंगामात उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या रात्री-अपरात्री येतात. बेअरिंग, हब, ब्रेक, काय वाट्टेल ते. आण्णा मोठ्या स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवून मूठ कानाला लावतात आणि कुठला टॅपेट वाजतोय ते सांगतात. मी आयटीआयतून मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड केला आणि आण्णांच्याच हाताखाली राहिलो. ऑस्ट्रेलियाला यायची इच्छा माझी होती, तुम्ही मला पळवून आणलेलं नाही. धंदा नीट शिकायचा होता. दीड एकराच्या सातबाऱ्यावर बँकेचा बोजा चढला त्या दिवशी आण्णा तलाठी कार्यालयातून आले आणि काही न बोलता एका जीपखाली शिरले. जेवायला हाक मारली तरी बाहेर आले नाहीत.

तर आता तक्रारी. क्रम लहान-मोठ्याचा नाही, जशा आठवतात तशा.

व्हिसाच्या अर्जाला एक निवेदन जोडावं लागतं: हा कोर्स का, हाच देश का, पुढं काय करणार. माझं निवेदन तुम्ही लिहिलंत. त्यात ‘लहानपणापासून इंजिनाच्या आवाजानं मला भुरळ घातली’ असं इंग्रजीत एक वाक्य होतं. इथं आल्यावर एकदा जेवताना विषय निघाला आणि आमच्या घरातल्या तिघांच्या कागदांत तेच वाक्य सापडलं. त्यातला एक बी.कॉम., त्याला पंक्चर काढता येत नव्हतं. पण गंमत वेगळीच आहे. मी मॅडमना सांगितलं होतं की माझ्या घरी गॅरेज आहे, मी तिथंच वाढलोय. त्या म्हणाल्या, ‘‘ते नको घालायला, गॅरेजवाला म्हटलं की बरं दिसत नाही.’’ खरं होतं ते काढलं आणि खोटी भुरळ घातली! मार्च २०२४पासून या निवेदनाच्या जागी प्रश्नोत्तरं आली आहेत, विद्यार्थी खरा आहे का हे त्यावरून ठरवतात. माझ्या आतेभावाला तुम्ही सांगितलंय की उत्तरांची फाइल तयार आहे, तू फक्त सही कर.

दुसरं, त्या फ्लेक्सवर बारीक अक्षरांत ‘ऑटोमोबाइल कंपनीत नोकरीची संधी’ असं आहे. कुठली कंपनी? फोर्डनं इथले कारखाने ७ ऑक्टोबर २०१६ला बंद केले. टोयोटाचा अल्टोनाचा कारखाना ३ ऑक्टोबर २०१७ला बंद झाला, आणि होल्डनची शेवटची गाडी त्याच महिन्याच्या २० तारखेला ॲडलेडजवळच्या एलिझाबेथमधून बाहेर पडली. त्यानंतर या देशात मोटारींचा मोठा कारखाना उरलेला नाही. आमच्या गॅरेजात आठवड्यातून दोन दिवस एक म्हातारा मेकॅनिक येतो, तो अल्टोनाला होता. चाकण-पिंपरीच्या कारखान्यांच्या दारातून पोरं उचलून तुम्ही त्यांना मोटारीच न बनवणाऱ्या देशात ‘ऑटोमोबाइल कंपनी’ दाखवता, हे त्याला सांगितलं तेव्हा तो इतका हसला की त्याला ठसका लागला.

इथं काम आहे ते दुरुस्तीचं. आणि भरपूर आहे, ते मी नाकारत नाही. मेकॅनिकची टंचाई सरकारच्या यादीतही आहे. तुमची जाहिरात तेवढ्यापुरती खरी. पण टंचाई आहे म्हणजे दारात उतरलेल्या प्रत्येकाला कुणी पाना देऊन कामाला लावत नाही. मधे तासांचा हिशेब आहे, आणि तोच तुम्ही सांगत नाही.

तो हिशेब मीच मांडतो. मोटर मेकॅनिकचा इथला मूळ कोर्स म्हणजे सर्टिफिकेट थ्री. पुढं दीड वर्ष काम करायचा जो कोर्सनंतरचा व्हिसा आहे, ४८५ नंबरचा, त्याला किमान ९२ आठवड्यांचं शिक्षण लागतं. म्हणून तुम्ही सर्टिफिकेट थ्रीला सर्टिफिकेट फोर जोडता, कधी डिप्लोमा जोडता, आणि त्याला ‘पॅकेज’ म्हणता. सहलीसारखं. जोडायला हरकत नाही, पण हे आठवडे कशासाठी भरायचे ते तरी सांगा. मग या व्हिसासाठी आपलं कौशल्य ट्रेड्स रेकग्निशन ऑस्ट्रेलिया या सरकारी संस्थेकडून तपासून घ्यावं लागतं. तिथं पहिल्या पायरीवरच विचारतात की खऱ्या गॅरेजात किमान ३६० तास काम केलंय का. ते जमलं आणि व्हिसा मिळाला की १८ महिन्यांचं घड्याळ सुरू होतं. त्यात, पीआरच्या वाटेनं पुढं जायचं तर, त्याच संस्थेच्या जॉब रेडी कार्यक्रमाखाली पगारी नोकरीचे किमान १,७२५ तास, किमान बारा महिन्यांत, पे-स्लिपांसकट दाखवायचे. तेही मेकॅनिकच्या कामाचे. नुसते टायर बदलले किंवा गाड्या धुतल्या तर ते धरत नाहीत. नंतर त्यांचा परीक्षक गॅरेजात येतो, तुमच्या शेजारी उभा राहतो आणि काम करून दाखवा म्हणतो.

आठवड्याला ३८ तास धरले तर १,७२५ तासांना साधारण पंचेचाळीस आठवडे लागतात, आणि बारा महिन्यांची अट आहेच. अठरा महिन्यांत बसतात की, असं कुणी म्हणेल. बसतात, पहिल्या दिवशी नोकरी मिळाली तर. मला तीन महिने लागले. पहिला गॅरेजवाला म्हणाला पैसे रोख देतो, पे-स्लिप नाही. म्हणजे काम करा, तास शून्य. माझे १,७२५ तास या जानेवारीत पुरे झाले, परीक्षकही येऊन गेला. मालक पुढच्या व्हिसासाठी स्पॉन्सर करायला तयार आहे, पण त्यासाठी वर्षाला किमान ७६,५१५ डॉलर पगार कागदावर दाखवावा लागतो आणि चार माणसांच्या गॅरेजला ते सोपं नाही. आणि तो व्हिसा म्हणजेही पीआर नव्हे. या सगळ्याला तुमच्या फ्लेक्सवर एकच शब्द आहे: ‘पीआरप्राप्त’.

हे आकडे गुपित नाहीत. सरकारच्या वेबसाइटवर आहेत. माझ्या समुपदेशनाच्या दीड तासात त्यातला एकही निघाला नव्हता. निघालं काय, तर मेलबर्नची हवा, मराठी मंडळाचा गणपती, आणि भाड्याच्या खोलीत कुकर न्यावा की न न्यावा.

आता ते ३६० तास. याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण पोरं इथंच मोडतात.

कॉलेज लावून देईल असं मला सांगितलं होतं. कॉलेजनं सांगितलं, तुम्ही शोधा, आम्ही कागदावर सही करू. मी पाठीवर सॅक टाकून डँडेनाँग आणि आसपासच्या गॅरेजांतून फिरलो. एकवीस दारं मोजली, मग मोजायची सोडली. कोर्सचा भाग म्हणून केलेलं असं काम इथं कायद्यानं बिनपगारी असू शकतं, त्यामुळे पैशाचा प्रश्नच नव्हता. पण फुकटातसुद्धा अनोळखी माणूस गाडीखाली घ्यायला मालक घाबरतात. चुकलं तर विमा, गिऱ्हाईक, सगळंच अंगावर येतं. त्यांचंही बरोबर आहे. या फिरतीत एकानं मला गाठलं. तुमच्यातल्याच एका ऑफिसचा मेलबर्नमधला माणूस. म्हणाला, ‘‘कशाला चपला झिजवतोस? तीन हजार डॉलर दे, ३६० तासांचं पत्र सही-शिक्क्यासह देतो.’’ 

मी दिले नाहीत. फार तत्त्वनिष्ठ आहे म्हणून नव्हे. माझ्याकडे तीन हजार डॉलर नव्हते. आणि एक भीतीही होती. हा पत्रांचा धंदा जुना आहे. पूर्वी ९०० तासांच्या कामाचं पत्र पुरत असे, त्याचा इथं बाजार भरला होता. २००९-१०च्या सुमारास स्वयंपाक आणि केशकर्तन शिकवणारी कॉलेजं धडाधड बंद पडली, शेकडो भारतीय पोरं फी भरून रस्त्यावर आली, नियम रातोरात बदलले. त्याच सुमारास हा जॉब रेडी कार्यक्रम आला. म्हणजे आज आम्ही जे १,७२५ तास मोजतोय ते तेव्हाच्या खोट्या ९०० तासांचं व्याज आहे. आज पुन्हा ३६० तास विकणाऱ्यांनी पुढच्या पोरांसाठी काय आकडा वाढून ठेवलाय ते देव जाणे.

शेवटी एका श्रीलंकन मालकानं हो म्हटलं. आठवड्याला तीन दिवस, पंधरा आठवडे. रात्री मी गोदामात खोकी उचलायचो. पहिले दोन आठवडे झाडू आणि जुन्या ऑइलचे डबे. तिसऱ्या आठवड्यात त्यानं मला एका कोरोलाची चाकं बसवायला दिली. हे काम मी दहा वर्षांचा असल्यापासून करतोय. कराडच्या सवयीनं मी पान्याला लांब पाइप लावला, त्यावर पाय दिला आणि पाचही नट कचकचून आवळले. मालक कोपऱ्यातून बघत होता. आला, एक अक्षर बोलला नाही. पाचही नट त्यानं सैल केले, भिंतीवरचा टॉर्क रेंच काढला, मुठीवरचा आकडा फिरवला आणि माझ्या हातात दिला. १०३ न्यूटन-मीटर. समोरासमोरचे नट आळीपाळीनं घ्यायचे, कट् असा आवाज आला की हात थांबवायचा, पुढं एक सूतही नाही. आयटीआयत हा रेंच काचेच्या कपाटात होता आणि कपाटाची किल्ली सरांकडे होती. कॉलेजात तो फोटोपुरता हातात आला, तुमच्या फ्लेक्सवर आहे तोच. तो चालतो कसा ते मला मेलबर्नला येऊन दीड वर्ष झाल्यावर, फुकट राबताना कळलं.

त्याच आठवड्यात ब्रेकची डिस्क मायक्रोमीटरनं मोजायला शिकलो. डिस्कच्या कडेला किमान जाडी कोरलेली असते, त्याखाली गेली की फेकायची, गिऱ्हाईकानं कितीही गयावया केली तरी. आण्णांना व्हिडिओ कॉलवर दाखवलं. ते म्हणाले, ‘‘मी बोटानं बघतो.’’ मग थोड्या वेळानं म्हणाले, ‘‘त्या मीटरला किती पडतात?’’

हे मुद्दाम लिहिलं, कारण तुम्ही जे विकता त्यात हे कुठंच नसतं. धंद्याबद्दल तुम्ही एकच वाक्य बोलता: ‘‘सोपा आहे, इंग्रजी जास्त लागत नाही.’’ माझ्या खोलीतल्या बी.कॉम.वाल्याला तर ‘हातसुद्धा काळे होत नाहीत, फक्त हजेरी लागते’ असं सांगून पाठवलंय. त्याचे हात आता काळे आहेत, कारण तो रात्री एका टायरच्या दुकानात आहे, आणि ते तास धरले जात नाहीत हे त्याला मी सांगितलं. पोरगा वाईट नाही. पण त्याला अकाउंट्स आवडायचं.

कॉलेजबद्दल थोडंच सांगतो. नाव घेत नाही, इथं चांगली कॉलेजंही आहेत. माझ्या कॉलेजात आम्ही तीसजण होतो आणि गाडी उचलायचे हॉइस्ट दोन, त्यातला एक ‘लवकरच दुरुस्त होईल’ अशी पाटी लावलेला. सरावाचं इंजिन इतक्या बॅचेसनी खोललं होतं की बोल्टांचे कोपरे झिजून गोल झाले होते, पाना धरायचाच नाही. सरांचा दोष नव्हता, ते बिचारे स्वतःच्या पेटीतली हत्यारं आणायचे. इलेक्ट्रिक गाडीचं म्हणाल तर नारिंगी केबलला हात लावायचा नाही, एवढं एका व्हिडिओत पाहिलं. गाडी नव्हती. हे वर्कशॉप तुमच्यातल्या कुणी कधी डोळ्यांनी पाहिलं होतं का? ब्रोशरवरचं वर्कशॉप कुणाचं होतं ते मला अजून कळलेलं नाही. आणि हलक्या कॉलेजात पाठवण्याचा परिणाम फक्त शिक्षणावर होत नाही. २०२४च्या अखेरीपासून इथल्या नियंत्रक संस्थेनं, अस्क्वानं, काही संस्थांनी दिलेली हजारो प्रमाणपत्रं रद्द केली आहेत. शिकवलं नाही कॉलेजनं, कागद गेला विद्यार्थ्याचा. माझं वाचलं. पण ती बातमी आली त्या रात्री आमच्या घरात कुणी जेवलं नव्हतं.

कॉलेज बदलायचं तर पहिले सहा महिने मुख्य कोर्स सोडता येत नाही, जुन्या कॉलेजनं मोकळं केल्याशिवाय. हेही इथं आल्यावर कळलं.

तुमच्या पत्रकातले आकडे शिळे आहेत. आतेभावाकडच्या पत्रकात व्हिसा फी ७१० डॉलर छापली आहे. ती १ जुलै २०२४ला १,६०० झाली आणि १ जुलै २०२५ला २,०००. व्हिसा नाकारला तरी परत मिळत नाही. खात्यावर दाखवायची रक्कम २४,५०५ लिहिली आहे. मे २०२४पासून ती २९,७१० आहे. हा फरकच आपल्याकडे तीन लाखांच्या घरात जातो, म्हणजे आत्याच्या गोठ्यातल्या दोन-तीन म्हशी. ‘पाहिजे तेवढे तास काम करा’ असंही छापलंय. मी आलो तेव्हा ते खरं होतं, कोविडनंतरची सूट होती. १ जुलै २०२३पासून पंधरवड्याला ४८ तासांची मर्यादा आहे. अडीच वर्षांत तुम्हाला ही ओळ बदलायला सवड झाली नाही, फ्लेक्स मात्र नवा! कोर्सनंतरच्या त्या ४८५ व्हिसाला आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत साडेसहा लागतात, तेही वर्षाच्या आतले, आणि वय पस्तिशीच्या पुढं चालत नाही. हे दोन्ही २०२४मध्ये बदललं. माझा कोर्स संपायला चार महिने उरले असताना साडेसहाचा नियम आला. दुसऱ्या प्रयत्नात पास झालो. ‘इंग्रजी जास्त लागत नाही’ हे तेव्हा फार आठवलं.

आणि राज्याराज्यांत नियम वेगळे. मी आहे त्या व्हिक्टोरियात मेकॅनिकला वेगळं लायसन्स लागत नाही. न्यू साउथ वेल्स आणि वेस्टर्न ऑस्ट्रेलियात लागतं. एसीच्या गॅसला हात लावायचा तर देशभर कुठंही वेगळा परवाना. ‘कुठेही जा, कुठेही काम करा’ हे वाक्य पत्रकातून काढा.

एक गोष्ट मात्र स्पष्ट बोलतो, राग मानू नका. तुम्ही आमच्याकडून ‘प्रोसेसिंग फी’ घेता आणि कॉलेजकडून प्रत्येक विद्यार्थ्यामागं कमिशन घेता. कमिशन घेणं गुन्हा नाही. आमच्या धंद्यातसुद्धा पार्टवाला मेकॅनिकला काहीतरी देतो. पण मग ‘हाच पार्ट तुमच्या गाडीला उत्तम’ असं म्हणणाऱ्या मेकॅनिकवर तुम्ही जितका विश्वास ठेवाल तितकाच आम्ही तुमच्यावर ठेवावा, नाही का? कुठल्या कॉलेजकडून किती मिळतं हे आम्हाला माहीत असायला हवं. बिल द्यायची पद्धत आमच्या पत्र्याच्या शेडमध्येसुद्धा आहे.

मागण्या अशा आहेत.

माझा फोटो पंधरा दिवसांच्या आत फ्लेक्सवरून, पत्रकातून, वेबसाइटवरून काढा. बाकीच्या पाच जणांना विचारा. त्यातल्या दोघांना मी ओळखतो, त्यांनाही पीआर नाही. आणि कराडच्या कार्यक्रमाला ज्यांनी नाव-नंबर लिहून दिले त्या सगळ्यांना ‘ही माहिती चुकीची होती’ असा मेसेज पाठवा. ज्यांना टोकन परत हवं असेल त्यांना ते कापून न घेता परत करा.

एक रुपया घेण्याआधी प्रत्येकाच्या हातात मराठीत एक पान द्या. त्यावर ९२ आठवडे, ३६० तास, १,७२५ तास, साडेसहा, पस्तीस, २,०००, २९,७१० हे आकडे आणि ते कुठल्या तारखेला तपासले ती तारीख. पालकांसमोर वाचून दाखवा आणि सही घ्या. आमच्या आईवडिलांना इंग्रजी करारावर सही करायला लावता, मग मराठी पानावर तुमची सही असायला काय हरकत आहे?

कॉलेज सुचवताना चार गोष्टी लेखी द्या: हॉइस्ट किती, एका बॅचला पोरं किती, इलेक्ट्रिक किंवा हायब्रिड गाडी आहे का, आणि ३६० तास लावून द्यायची जबाबदारी कुणाची. ‘कॉलेज बघेल’ हे उत्तर धरलं जाणार नाही. त्या कॉलेजकडून तुम्हाला मिळणारं कमिशन त्याच कागदावर लिहा.

व्हिसाची उत्तरं पोरांना स्वतःची स्वतः लिहू द्या. इंग्रजी मोडकं असलं तर असू दे, सुधारून द्या, पण गोष्ट त्याची ठेवा. कुणाच्या घरी गॅरेज असेल तर ते पहिल्या ओळीत येऊ द्या. पीआरबद्दल सल्ला द्यायचा असेल तर तो ऑस्ट्रेलियात नोंदणी असलेल्या मायग्रेशन एजंटाकडून लेखी घेऊन द्या, नाहीतर त्या विषयावर बोलू नका. तुमच्या नावानं इथं कुणी कामाची पत्रं विकत असेल तर त्याच्याशी संबंध तोडा आणि तसं जाहीर करा. त्याचं नाव मी इथं लिहीत नाही, पण तुमच्यापैकी ज्यांना ते हवंय त्यांनी फोन करावा.

शेवटची मागणी ऐकून तुम्ही हसाल. या कोर्सला येणाऱ्या प्रत्येक पोराला आधी महिनाभर जवळच्या गॅरेजात पाठवा. फुकट, झाडू मारायला. तिसाव्या दिवशीही तो सकाळी वेळेवर आला तर त्याचा अर्ज भरा. सातारा जिल्ह्यातल्यांची सोय मी करू शकतो. कोल्हापूर नाक्याजवळ कडुनिंबाखालचं शेड, कुणालाही विचारा. आण्णांना मी बोललोय. ते म्हणाले, पोरं पाठव, पण फोटो काढणाऱ्यांना पाठवू नकोस.

आतेभाव सोमवारपासून तिथं जाणार आहे. त्याचे पन्नास हजार तुमच्याकडे आहेत. त्याचं काय करायचं ते तो महिन्यानं सांगेल, तोवर ते जपून ठेवा.

कळावे,
आपल्या फ्लेक्सवरचा उजवीकडून दुसरा
डँडेनाँग, मेलबर्न
फेब्रुवारी २०२६